दिवाळीचं कुटुंबपत्र: वर्षभराचं काय सांगावं, काय ठेवावं

प्रश्न असा आला आहे: “आम्ही ठाण्यात राहतो. सासर नागपूरचं, माहेर रत्नागिरीचं. दोन्हीकडची मिळून साठेक घरं आता पुणे, इंदूर, मडगाव, न्यू जर्सी अशी पांगली आहेत. अमेरिकेतल्या जाऊबाई दर डिसेंबरला तिथल्या रिवाजाप्रमाणे वर्षाचा आढावा घेणारं पत्र पाठवतात. यंदा आपणही मराठीत, दिवाळीला तसं पत्र काढावं असं घरात ठरतंय. पण वर्ष संमिश्र गेलं. मुलीला बारावीनंतर हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आम्ही नवं घर घेतलं. त्याच वर्षात धाकट्या दिरांची नोकरी गेली, सासऱ्यांना पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं, चुलत सासरे गेले आणि नणंदेचं लग्न मोडलं. चांगलं तेवढंच लिहिलं तर बढाई, सगळं लिहिलं तर घरातलं चव्हाट्यावर. सासरसाठी एक आणि माहेरसाठी एक अशी दोन पत्रं करावीत का? कागदावर की व्हॉट्सॲपवर?”

आमच्या घराण्याचं असं पत्र मी बरीच वर्षं काढते आहे, आणि ओळखीतल्या अनेक घरांची पहिली पत्रं माझ्या नजरेखालून गेली आहेत. तुमच्या घरात चाललेली चर्चा मला पाठ आहे म्हटलं तरी चालेल. एक पक्ष म्हणतो, “लोकांना कशाला सांगायचं?” दुसरा म्हणतो, “लोकांना कळू दे की!” दोघांनाही पत्र म्हणजे जाहिरात वाटते, फक्त एकाला ती नको असते आणि दुसऱ्याला हवी असते.

पत्राचं काम वेगळं आहे. मोठ्या बातम्या तुमच्या साठ घरांना आधीच कळल्या आहेत. प्रवेश मिळाला तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचा फोटो पडला, चुलत सासरे गेले तेव्हा तासाभरात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. पेढे आणि सुतक दोन्ही ग्रुपवर कळतं. मधलं वर्ष कळत नाही. चुलत सासूबाई आता कोणाकडे राहतात, सासऱ्यांशी फोनवर बोलताना काय लक्षात ठेवायचं, नणंद कुठल्या गावात आहे आणि तिला कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे कोणालाच ठाऊक नसतं. मग पुढच्या लग्नात कुणीतरी आत्याबाई तिला भर मांडवात विचारतात, “जावईबापू कुठे दिसत नाहीत ते?” त्या आत्याबाईंचा यात काही दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून मी एकच कसोटी लावते. पत्र वाचल्यावर समोरच्या माणसाला तुमच्याशी बोलणं आधीपेक्षा सोपं झालं का? झालं असेल तर मजकूर राहू द्या, नसेल तर काढा. बढाई आणि लपवाछपवी या दोन्हींचा निकाल या एका प्रश्नात लागतो. बढाई वाचून माणूस “वा, अभिनंदन” एवढंच म्हणू शकतो, पुढे बोलायला काही उरत नाही. लपवलेलं असलं की तो नेमका त्याच जागी पाय ठेवतो.

जाऊबाईंच्या पत्राविषयी थोडं. विलायतेत ही पद्धत शुभेच्छापत्रांतून आली. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये पहिलं छापील ख्रिसमस कार्ड काढून घेतलं, कारण सणाच्या सगळ्या पत्रांना हाताने उत्तरं लिहिणं त्यांना जमेना. पुढे घरोघरी टाइपरायटर आले, छायाप्रती स्वस्त झाल्या आणि त्या कार्डासोबत वर्षाचा वृत्तांत सांगणारा एक कागद जाऊ लागला. त्याची थट्टाही तिकडे भरपूर होते, ती नेमकी बढाईवरून: सगळी मुलं हुशार, सगळ्या सहली रम्य. तेव्हा जाऊबाईंच्या पत्राचा नमुना जसाच्या तसा घेऊ नका.

आपल्याकडे वार्षिक पत्र नव्हतं, पण पत्रांची शिस्त होती आणि ती इथे फार कामाला येते. भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ मध्ये, पाव आण्याला. ते उघडं असायचं. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, वाड्यात ज्याच्या हाती पडेल तो वाचणार, हे धरूनच लिहायचं. १९५० मध्ये आंतरदेशीय पत्र आलं आणि घडी घालून चिकटवण्याची सोय झाली. बंद पाकीट या दोन्हींहून खाजगी. माझ्या आजीच्या पिढीच्या बायकांना कोणती गोष्ट कार्डावर, कोणती आंतरदेशीयावर आणि कोणती पाकिटात, हे न शिकवता कळायचं. बाळंतपण सुखरूप झाल्याचं कार्डावर जायचं, पैशांची अडचण आंतरदेशीयावर, आणि मुलीच्या सासरच्या जाचाचं पाकिटातून, तेही कुणाच्या तरी हाती. तुमचं कुटुंबपत्र, कागदावर असो की फोनवर, पोस्टकार्ड आहे असं समजून लिहा. ते ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्यापलीकडे जाणारच.

आता तुमच्या बातम्या एकेक करून घेऊ. त्याआधी एक अट. ज्याची बातमी आहे त्याला तयार वाक्य दाखवायचं. “तुझ्याबद्दल लिहू का?” असं मोघम विचारून भागत नाही. लोक “लिही की” म्हणतात आणि छापलेलं पाहून दुखावतात. कागदावर जसं जाणार तसं वाक्य पुढे ठेवा आणि पेन हातात द्या. नको म्हटलं तर नको, तिथे समजावत बसू नका. मुलं लहान असली तरी विचारा, आठवी-नववीतल्या मुलांना तर नक्कीच. आपल्या फजितीचा विनोदी किस्सा साठ घरांत गेलेला त्यांना चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मुलीचा प्रवेश. टक्के लिहू नका. साठ घरांत त्याच वर्षी बारावी झालेली आणखी दोन-तीन मुलं असतात, त्यांतल्या एखाद्याचं वर्ष वाईट गेलेलं असतं. शिवाय टक्के वाचून कोणी काय बोलणार? त्याऐवजी असं: “मोठी जूनपासून पुण्याला वसतिगृहात आहे. वास्तुरचना शिकते. रात्र रात्र जागून पुठ्ठ्याची घरं करते आणि सकाळी त्यांच्यावर कोणीतरी बसतं. मेसच्या जेवणाला कंटाळली आहे, पुण्यातल्या मावशी-काकूंनी रविवारी हाक मारली तर धावत येईल.” यात आनंद आहे, अभिमानही दिसतो, आणि पुण्यातल्या चार घरांना करण्यासारखं काहीतरी मिळालं. मात्र वसतिगृहाचं नाव, खोली, येण्याजाण्याच्या वेळा कधीही छापू नका.

नवं घर. चौरस फूट, मजला, किंमत, गृहकर्ज, सगळं गाळा. “घराला पाहुण्यांची एक वेगळी खोली आहे. मुंबईत दवाखान्याच्या किंवा विमानतळाच्या कामाने येणाऱ्यांनी हॉटेल बघू नये” एवढ्याने घर घेतल्याचं कळतं आणि निमंत्रणही जातं. पूर्ण पत्ता मात्र पत्रात नको, तो मागणाऱ्याला द्या. तसंच “डिसेंबरपासून आम्ही तीन महिने अमेरिकेला” हेही छापू नका. घर बंद असल्याची ती वर्दीच असते. परत आल्यावर लिहा.

सासऱ्यांचा आजार. इथे बहुतेक घरं दोन टोकांना जातात. एक तर “नानांची तब्येत जरा नरम असते” म्हणून सोडून देतात, किंवा डॉक्टरांचा सगळा कागद उतरवून काढतात. वाचणाऱ्याला या दोन्हींचा उपयोग नसतो. नाना तयार असतील तर आजाराचं नाव लिहा, एका वाक्यात. नंतर त्या आजारामुळे त्यांच्याशी वागताना काय बदललं ते लिहा. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी दिसतात, अक्षर लहान होत जातं. नातेवाइकांना वाटतं, नाना तुटक बोलले, हसलेसुद्धा नाहीत, रागावलेत बहुतेक. मग फोन कमी होतात. तुमच्या पत्रातल्या चार ओळी हे थांबवू शकतात: “नानांना पार्किन्सन्स आहे. औषध चालू आहे, सकाळचं फिरणं चालू आहे. फोनवर आवाज हळू येतो आणि उत्तर द्यायला वेळ लागतो, पण ऐकू नीट येतं, आठवण पक्की आहे आणि क्रिकेटवर वाद घालायची हौस तशीच आहे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास फोन करा. वाक्य पुरं होईपर्यंत थांबा, त्यांच्या वतीने पुरं करू नका.” वेळ अर्थात त्यांच्या गोळ्यांप्रमाणे तुम्ही ठरवा. उपाय, वैद्य, काढे सुचवणाऱ्यांची लाट येईल. “उपचारांचं ठरलेलं आहे, गप्पांना माणसं हवी आहेत” अशी एक ओळ घातली की ती बरीचशी थोपते. सगळी नाही थोपत. नागपूरचे एखादे मामा तरीही काढ्याची बाटली पाठवतीलच.

दिरांची नोकरी. नोकरी गेल्याची बातमी लपवण्यात सगळ्यांत जास्त तोटा ती गेलेल्याचाच असतो. साठ घरांत कुठेतरी कोणीतरी माणसं घेत असतं. त्यांना विचारा आणि ते हो म्हणाले तर दया दाखवण्याच्या सुरात न लिहिता कामाच्या भाषेत लिहा: “धाकटे भाऊजी मार्चपासून नवं काम शोधत आहेत. गोदाम आणि मालवाहतुकीतला मोठा अनुभव आहे, नाशिक-पुणे-मुंबई कुठेही चालेल. काही कळलं तर त्यांनाच थेट फोन करा.” ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा. नाहीतर सगळे तुम्हाला फोन करतात, “काय गं, झालं का त्याचं काही?” म्हणून, आणि दीर तुमच्या आडून चर्चेचा विषय होतात. कोणत्या कंपनीने काढलं, कसं काढलं, यातलं एक अक्षरही नको. ते पुढच्या मुलाखत घेणाऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

नणंदेचं लग्न. पहिली गोष्ट, प्रकरण कोर्टात असेल तर एक ओळही लिहू नका. परस्पर संमतीने वेगळं होतानाही पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात कायद्याने साधारण सहा महिन्यांचं अंतर असतं, ते माफ करणं कोर्टाच्या हाती. तोवर सगळं कच्चं असतं. पुढे गेलेलं एखादं वाक्य दुसऱ्या बाजूच्या वकिलापर्यंत पोचू शकतं. निकाल झाला असेल आणि नणंदेची इच्छा असेल, तर दोन वाक्यं पुरतात आणि ती तिनेच लिहावीत. एका मुलीने आमच्या पत्रासाठी लिहून दिलं होतं त्याचा आशय असा: मी आता एकटी राहते, ठीक आहे, नोकरी चालू आहे. कारणं विचारू नका, जेवायला बोलवा. मी त्यात काना-मात्राही बदलला नव्हता. तुमच्या नणंदेला काही लिहायचं नसेल तर एक मधला मार्ग आहे. तिच्याविषयीची इतर बातमी तिच्या एकटीच्या नावाने द्या: ती कुठे आहे, काय काम करते, वर्षात काय शिकली. दरवर्षी जोडीने येणारं नाव एकटं आलं की जाणती माणसं समजून घेतात. ‘दुर्दैवाने’ हा शब्द मात्र तिच्या नावाआधी कुठेही येऊ देऊ नका.

चुलत सासऱ्यांचं जाणं. मृत्यूची बातमी देणारं कार्ड वाचून झाल्यावर फाडून टाकायची रीत पूर्वी अनेक घरांत होती, ते जपून ठेवत नसत. त्यामुळे सणाच्या पत्रात गेलेल्या माणसाचा उल्लेख करावा का, असा प्रश्न काही वडीलधारे काढतात. माझं मत स्पष्ट आहे: करावा, आणि पत्राच्या अगदी शेवटी चौकटीत न टाकता मध्येच, इतर सगळ्यांसोबत करावा. श्रद्धांजलीची छापील भाषा टाळा. “प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी” हे तिन्ही शब्द कोणालाही लागू होतात. त्यापेक्षा ते आंबा कापताना कोय कोणाला द्यायचे, कोणत्या शब्दावर अडखळायचे, कोणाच्या लग्नात रुसून बसले होते, यांतलं एक काहीतरी. आणि मग जिवंत माणसांचं: “काकू आता धाकट्याकडे इंदूरला असतात. दुपारी तीन ते पाच मोकळ्या असतात. त्यांच्या घरी यंदा दिवाळी नाही, पण फराळ घेऊन जायला हरकत नाही.” वर्षाच्या आत माणूस गेलेल्या घरी अनेक ठिकाणी फराळ करत नाहीत, शेजारपाजारचे आणि नातलग आणून देतात. परगावच्या तरुण मंडळींना हे ठाऊक नसतं. त्यांना हे लिहूनच कळतं. त्या घरी जाणाऱ्या प्रतीवर रांगोळी-पणत्यांची सजावट नको. शुभेच्छांची ओळही जरा बदला, “दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा”ऐवजी “आठवण काढतो आहोत” असं काहीतरी.

गर्भारपणाची बातमी हा वेगळा विषय. घरात सगळ्यांना माहीत असलं तरी तिने स्वतः सांगितल्याशिवाय पत्रात घालू नका. पुष्कळ घरं डोहाळजेवणाआधी बाहेर बोलत नाहीत, तो मान ठेवा. मूल नसलेल्या जोडप्यांविषयी “गोड बातमीची वाट पाहतोय” हे वाक्य मी डोळे मिटून खोडते.

कोणाकोणाचं यायला हवं, इकडेही लक्ष द्या. आपल्या कुलवृत्तांतांच्या परंपरेत मुलगे, त्यांची शिक्षणं, हुद्दे सविस्तर असतात. लग्न झालेली मुलगी एका ओळीत दुसऱ्या कुळात जाते, आणि लग्न न केलेले काका कुठल्याच शाखेत धड बसत नाहीत. पत्रात तोच साचा नकळत उतरतो. मी पहिला मसुदा झाला की नावांखाली रेघा मारून बघते: लेकींचं किती, सुनांचं किती, एकट्या माणसांचं किती. सुनेच्या नावापुढे फक्त “घर आणि मुलं सांभाळते” असं आलं की थांबते आणि तिला फोन लावते. दहा मिनिटांत कळतं की तिने वर्षभरात वारली चित्रकला शिकून घेतली, किंवा सोसायटीचा पाण्याचा तंटा एकटीने सोडवला. पत्रातला सगळ्यांत चांगला मजकूर मला अशाच फोनांतून मिळाला आहे. तुमच्याकडे वर्षानुवर्षं पोळ्यांना येणाऱ्या बाई असतील आणि साठ घरांतले निम्मे पाहुणे त्यांना ओळखत असतील, तर त्यांचीही चार वाक्यं यावीत. त्यांनाही विचारून, अर्थातच.

नात्यांची नावं हा एक तांत्रिक घोटाळा आहे. एकाच माणसाला साठ घरांत सात नावं असतात. तुमचे नाना कुणाचे भाऊकाका, कुणाचे मामा, कुणाचे नुसते ‘अहो’. ‘आई पडल्या’ असं लिहिलं की माहेरचे धास्तावतात, कारण त्यांच्या लेखी आई म्हणजे तुमची आई. म्हणून प्रत्येक माणसाची पहिली ओळख नाव घालून आणि नातं उलगडून द्या, “आमचे नाना, म्हणजे नागपूरकरांचे भाऊकाका”, आणि मग पुढे नाना. मायन्यासाठी जुनी मराठी पत्रं बघा. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ ही एकेका माणसाची संबोधनं साठ जणांना चालत नाहीत, पण त्या पत्रांच्या शेवटी येणारी ओळ चालते: मोठ्यांना नमस्कार, बरोबरीच्यांना सप्रेम, लहानांना अनेक आशीर्वाद. ती मी सुरुवातीलाच घेते. ‘इकडील सर्व क्षेम’ मात्र नको. क्षेम नसतानाही ते लिहायची सवय होती.

भाषा घरात बोलता ती. “सालाबादप्रमाणे यंदाही हे वर्ष आमच्या परिवारासाठी अत्यंत आनंदाचे व भरभराटीचे गेले” असं वाक्य आलं की ते पत्र सहकारी पतसंस्थेच्या अहवालाशेजारी ठेवता येतं. नागपूरकडचा माणूस बोलतोय तर त्याच्या तोंडी ‘राहिलं ना बे’ येऊ द्या, रत्नागिरीकडचा असेल तर त्याचा हेल येऊ द्या. प्रत्येकाने आपापला परिच्छेद लिहून दिला तर उत्तमच, तुम्ही फक्त लांबी आवरा. आणि लांबी आवरावीच लागते. काका पानभर निवृत्तिवेतनाच्या थकबाकीवर लिहितात.

काही घरं उत्साहाच्या भरात घरचा दिवाळी अंकच काढतात. आपल्याकडे १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून ती परंपरा आहे, मोह समजू शकते. मुखपृष्ठ, संपादकीय, कविता, पाककृती, राशिभविष्य. एक वर्ष निघतो, दुसऱ्या वर्षी दमछाक होते, तिसऱ्या वर्षी बंद. पत्र चार पानांचं ठेवा, म्हणजे दरवर्षी निघेल. याउलट टोक म्हणजे नुसतं पणतीचं हलणारं चित्र. तारखात्याकडे पूर्वी शुभेच्छांचे ठरीव मजकूर असत, क्रमांक सांगितला की मजकूर जायचा. दिवाळीचा क्रमांक होता एक. २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण क्रमांक एक अजून रोज सकाळी आपल्या फोनवर येतोच आहे.

वेळापत्रक. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. हातात आठ आठवडे आहेत. गौरी-गणपतीत माणसं एकत्र असतात तेव्हा तोंडी गोळा करा, वही घेऊन बसलात की लोक आपोआप सांगतात. गेलेल्या माणसांविषयी पितृपक्षात लिहा, त्या दिवसांत घरात त्यांचं बोलणं होतच असतं. नवरात्रात मसुदा, दसऱ्यापर्यंत प्रत्येकाला त्याचं वाक्य दाखवून झालेलं, कोजागरीला छपाई. वसुबारसेच्या आधी पत्र हाती पडलं पाहिजे, कारण एकदा चकलीचा सोऱ्या बाहेर निघाला की कोणी काही वाचत नाही.

कागद की फोन? दोन्ही, पण मुख्य प्रत कागदाची. ऐंशी ग्रॅमचा ए-फोर कागद बरोबर पाच ग्रॅम भरतो. दोन कागद दोन्ही बाजूंनी छापले की चार पानं झाली, पाकिटासकट वजन वीस ग्रॅमच्या आत बसतं, म्हणजे साध्या टपालाच्या पहिल्या टप्प्यात. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको, सत्तरीपुढच्यांच्या प्रती सोळात काढा. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट फुकट मिळतो, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. घरातल्या कोणाकडे जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हं उमटतात. अमेरिकेला फराळाचा डबा जाणार असेल तर पत्र त्यातच घाला, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. चकलीचं तेल चार पानं सहज पार करतं.

फोनवरची प्रत पाठवताना ए-फाइव्ह आकाराची वेगळी पीडीएफ करा, म्हणजे बोटांनी मोठं करत बसावं लागत नाही. ग्रुपवर टाकू नका, तिथे ती संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या पुराखाली जाते. ब्रॉडकास्ट यादी बरी, तिच्यात २५६ जण मावतात आणि प्रत्येकाला ते वेगळं आल्यासारखं दिसतं. पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांना ती पोचतच नाही, आणि ते तुम्हाला कळतही नाही. म्हातारी मंडळी बहुधा यातच सुटतात. छापील प्रतीवर पाठवण्याआधी प्रत्येक घरासाठी हाताने दोन ओळी लिहा. साठ घरं म्हणजे दोन-तीन दुपारी जातात. लोक आधी त्याच वाचतात.

आणि सासर-माहेरच्या दोन पत्रांचं. करू नका. माहेरच्या पत्रात नणंदेचं प्रकरण सविस्तर आणि सासरच्या पत्रात भावाच्या कर्जाचं, असं होणार हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर दोन करावीशी वाटतात. पत्र एकच, आणि त्यात तेवढंच जे दोन्हीकडच्यांसमोर मोठ्याने वाचता येईल. वेगळं काय ते त्या हाताने लिहिलेल्या दोन ओळींत. रत्नागिरीच्या मामी नागपूरच्या विहीणबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर आहेत की नाहीत हे तुम्ही आज सांगू शकणार नाही. पीडीएफ पाठवलीत की रात्रीपर्यंत कळेल.